क्लार्क काउंटीला आलेली पत्रं

[दृश्य: ओहायोतली सपाट शेतं, लांबवर स्प्रिंगफील्ड शहर]

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लार्क नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मुख्य शहर स्प्रिंगफील्ड. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा अवघी ३२४ मतं जास्त पडली होती. इतक्या काठावरच्या काउंटीवर पुढच्या वेळी दोन्ही पक्ष डोळा ठेवून असणार, हे उघड होतं. पण २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यावर थेट लंडनची नजर पडली.

‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने वाचकांना आवाहन केलं. तुम्हाला अमेरिकेत मत नाही, पण तिथल्या एका मतदाराला पत्र तर लिहिता येईल. मग कोणत्याच पक्षाकडे नोंद नसलेल्या मतदारांचे पत्ते वाटले गेले, सुमारे १४,०००. जॉन ल कारे, रिचर्ड डॉकिन्स, अँटोनिया फ्रेझर यांच्यासारख्या नामवंतांनीही पत्रं लिहिली. बुश यांना निवडून देऊ नका, हाच त्यांचा सूर.

त्यामागची तळमळ खरी होती, हे आधी सांगायला हवं. मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई झाली तेव्हा अमेरिकेच्या जोडीला ब्रिटनचे सुमारे ४६,००० सैनिक होते. त्याच्या महिनाभर आधी लाखो लोक ‘युद्ध नको’ म्हणत लंडनच्या रस्त्यांवर उतरले होते. निर्णय वॉशिंग्टनमध्ये व्हायचा आणि शवपेट्या आपल्या गावात यायच्या, मग आपण एक शब्दही बोलायचा नाही का? प्रश्न रास्त होता. आजही आहे.

[दृश्य: घराबाहेरची टपालपेटी, पत्रं काढणारा हात]

आता तेच पत्र स्प्रिंगफील्डच्या बाजूने पाहू. कामावरून दमून आलेला माणूस टपालपेटी उघडतो. विजेचं बिल, बँकेचं पत्र, आणि त्यात राणीच्या तिकिटाचं एक पाकीट. ओळख ना पाळख, आणि आतला माणूस सांगतोय मत कुणाला द्यायचं ते. आपल्याकडे असं पत्र आलं असतं तर आपण काय केलं असतं? गार्डियनकडे संतापाच्या उत्तरांचा पाऊस पडला. ब्रिटिशांच्या किडक्या दातांपासून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत सगळं उकरून काढलं गेलं. शेवटी पत्ते देणं थांबवावं लागलं.

२ नोव्हेंबरला मतदान झालं. क्लार्क काउंटीत बुश दीड हजारांहून जास्त मतांनी पुढे राहिले. आधीच्या वेळी गोर यांच्यामागे असलेली आणि या वेळी बुश यांच्याकडे गेलेली ओहायोतली ही एकमेव काउंटी. पत्रांमुळेच असं झालं, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. अख्ख्या ओहायोतच बुश लाखावर मतांनी जिंकले होते. पण ज्यासाठी पत्रं लिहिली ते साधलं नाही, एवढं नक्की.

दोन दिवसांनी ‘डेली मिरर’ या ब्रिटिश दैनिकाने बुश यांना देशभरात पडलेल्या मतांचा आकडा देऊन पहिल्या पानावर विचारलं: ५,९०,५४,०८७ माणसं इतकी मूर्ख कशी असू शकतात? परक्या देशाच्या निकालाकडे असं पाहणं मला फार घातक वाटतं. तिथल्या मतदाराने मत देताना तुमचा विचार केलेलाच नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं गाव असतं. १९६० साली स्प्रिंगफील्डची वस्ती ८२ हजारांवर होती. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ट्रक इथे बनत, त्याआधी मोठा छापखानाही होता. छापखाना बंद पडला, ट्रकचं काम आटत गेलं. २०२० च्या जनगणनेत ५८ हजार माणसं उरली होती.

[दृश्य: गोदामांची रांग, पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार]

मग गोदामं आली, गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले आणि कामाला हात कमी पडू लागले. ते हात कॅरिबियनमधल्या हैती देशातून आले. काही वर्षांतच बारा ते पंधरा हजार हैतियन इथे राहू लागले, असा शहर प्रशासनाचा अंदाज. बऱ्याच जणांकडे ‘तात्पुरतं संरक्षण’ या कायदेशीर तरतुदीखाली कामाचा परवाना होता. कर भरायचा, मत मात्र नाही. घरभाडी चढली, दवाखान्यांत रांगा लागल्या. गावकऱ्यांची ती तक्रार खोटी नव्हती.

१० सप्टेंबर २०२४ ला दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की स्प्रिंगफील्डमध्ये हे लोक कुत्री-मांजरं खातात. पुरावा काहीच नव्हता. राज्याचे गव्हर्नर माइक डिवाइन ट्रम्प यांच्याच पक्षाचे, जन्माने स्प्रिंगफील्डचेच. त्यांनीही हे खोटं असल्याचं सांगितलं. तरी पुढच्या काही दिवसांत शहराला बॉम्बच्या तीसहून जास्त धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. त्यांतल्या बऱ्याच धमक्या परदेशांतून आल्याचं डिवाइन यांनी सांगितलं. वीस वर्षांनी क्लार्क काउंटीला पुन्हा परदेशातून टपाल आलं, ते हे असं. त्याच दिवसांत हैतियन खानावळीपुढे गावातल्या गोऱ्या-काळ्या लोकांची रांग लागत होती. तळलेलं डुकराचं मांस, भात आणि वर पिकलीझ, म्हणजे कोबीचं झणझणीत लोणचं. मला ती रांग त्या सगळ्या पत्रांपेक्षा मोलाची वाटते.

५ नोव्हेंबरला ट्रम्प जिंकले. क्लार्क काउंटीतही मोठ्या फरकाने. जगभर लोकांनी कोण जिंकलं, कोण हरलं ते पाहिलं. हैतियन घरांत मात्र आपल्या परवान्याची तारीख पाहिली गेली. एच-वन-बी व्हिसावर तिकडे असलेल्या मुलांचे पुण्या-नाशिकचे आईबाप ही तारीख बघणं चांगलं ओळखतात. त्यांच्या मुलांनाही कर आहे, मत नाही.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकारने हैतियनांचं संरक्षण संपवण्याचा निर्णय जाहीर केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पण इथे जन्मलेली या कामगारांची मुलं अमेरिकन नागरिक आहेत. २०२२ साली स्प्रिंगफील्डमध्ये जन्मलेलं मूल २०४० मध्ये अठरा वर्षांचं होईल. ते अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष आहे.