ओलं झालं की रंग गडद का होतो?

कोरड्या सुती कापडावर पाण्याचा थेंब पडतो. क्षणभर फुगीर राहतो, मग धाग्यांत जिरतो आणि तिथे गडद डाग उमटतो. पाणी तर बिनरंगी आणि कापडाचा रंगही तोच. मग हा गडदपणा आला कुठून?

आणखी जवळून पाहू. कापड म्हणजे बारीक तंतूंचं जाळं आणि तंतूंच्या मधे अडकलेली हवा. हवेतून तंतूत, तंतूतून पुन्हा हवेत, अशा प्रत्येक वळणावर प्रकाश दिशा बदलतो. त्यातला बराचसा चटकन माघारी फिरून आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून कोरडं कापड उजळ दिसतं.

प्रकाश किती वळेल, हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे त्या माध्यमात प्रकाश किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्यांतल्या, फरकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक जवळपास १, पाण्याचा १.३३, सुतातल्या सेल्युलोजचा साधारण १.५. फटींतली हवा जाऊन पाणी आलं की हा फरक घटतो. प्रकाश माघारी न वळता आत खोल शिरतो, आणि जितका जास्त आत फिरेल तितका शोषला जातो.

वाळूचंही तेच. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या कणावर हवेतून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे साडेचार टक्के परततो; पाण्यातून पडला तर जेमतेम अर्धा टक्का.

शिवाय पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असेल, तर बाहेर निघालेला प्रकाशही त्यात अडकतो. लंबाशी सुमारे ४९ अंशांहून जास्त तिरपा आलेला किरण थराच्या वरच्या बाजूवर आपटून पुन्हा खाली जातो. अँडर्स आंगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच हे मांडलं होतं.

पण सगळ्यात देखणा बदल होतो तो नदीतल्या गोट्यांवर. कोरड्या, खरखरीत गोट्यावरून पांढरा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि मूळ रंगावर फिकट झाक चढते. पाणी तो खरखरीतपणा भरून काढतं. पांढरा प्रकाश एकाच दिशेला चमक होऊन निघून जातो, आणि दगडातले लाल, हिरवे पट्टे अचानक जिवंत होतात!

गुळगुळीत धातू किंवा प्लास्टिक भिजून असं गडद होत नाही. पाणी शिरायला तिथे फटीच नसतात.

कागदावर मात्र तेल पाण्यापेक्षा वरचढ ठरतं. खाद्यतेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणजे कागदातल्या सेल्युलोजच्या अगदी जवळ. म्हणून तेलकट कागदातून पलीकडची अक्षरं दिसू लागतात. पाणी उडून जातं, तेल उडत नाही, आणि तो डाग तसाच राहतो.