फाशी दिली की विषय संपतो?

नमस्कार मंडळी. मी उभा आहे साताऱ्यात, गेंडामाळावर. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी इथं १७ जणांना मारलं. पाचजण फासावर, सहाजण तोफेच्या तोंडी, सहाजण गोळ्या घालून. साताऱ्याच्या छत्रपतींचं गाऱ्हाणं लंडनपर्यंत नेणाऱ्या रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांच्यातच होता. बघणाऱ्यांच्या काळजात धडकी भरावी, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता हे आठवायचं कारण सांगतो. परवा राजवाड्याजवळ दाढी करायला बसलो होतो. टीव्हीवर खुनाची बातमी लागली. वस्तरा माझ्या गळ्याशी धरूनच दुकानदार म्हणाला, "असल्यांना पोसत काय बसायचं? भर चौकात लटकवायचं, विषय संपला." गळ्याशी वस्तरा असताना कुणी वाद घालत नाही. मी नुसतं 'हूं' केलं.

पण विषय संपतो का, हे ब्रिटनलाच विचारू. १९५० मध्ये लंडनमध्ये टिमोथी इव्हान्सला फाशी दिली, स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनासाठी. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्टी नावाच्या शेजाऱ्यानं. तीन वर्षांनी त्याच घरात बायकांची प्रेतं सापडली, आणि खुनी निघाला तो साक्षीदारच! इव्हान्सला १९६६ मध्ये माफी मिळाली. मेलेल्या माणसाला. तोवर, १९६५ मध्ये, संसदेनं खुनासाठीची फाशी थांबवली होती.

फ्रान्सचा किस्सा वेगळा. रोबेर बादँतेर नावाचे वकील. त्यांच्या अशिलानं स्वतः खून केलेला नव्हता, कोर्टानंही ते मानलं होतं, तरी १९७२ मध्ये गिलोटिनखाली त्याचं मुंडकं उडालं. वकीलसाहेब तिथं हजर होते. पुढं ते कायदामंत्री झाले आणि १९८१ मध्ये त्यांनी ही शिक्षाच रद्द करून घेतली. बहुसंख्य फ्रेंच लोक तेव्हा फाशीच्या बाजूनं होते, बरं का. लोकांनी मागितलं म्हणून फाशी गेली, असं फार कमी ठिकाणी झालंय.

१९७७ मध्ये पूर्ण रद्द करणारे देश होते फक्त १६. आज ११० च्या वर आहेत. नेपाळ, भूतान त्यात आले. श्रीलंकेत कायदा आहे, पण १९७६ पासून कुणाला लटकवलेलं नाही. झिम्बाब्वेनं २०२४ च्या शेवटच्या दिवशी फाशी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली, आणीबाणीत ती परत आणता येईल अशी पळवाट ठेवून. सही करणारे राष्ट्राध्यक्ष मनंगाग्वा तरुणपणी स्वतः फाशीचे कैदी होते, रेल्वे उडवल्याबद्दल. वय कमी म्हणून वाचले. उलट इराण, सौदी, चीनमध्ये हे जोरात चालूच आहे.

आणि आपण? त्या दाढीच्या दुकानापासून चार पावलांवर प्रतापसिंह हायस्कूल आहे. १९०० मध्ये तिथं एका पोरानं नाव घातलं, रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला सही आहे, भिवा रामजी आंबेडकर. तेच बाबासाहेब जून १९४९ मध्ये घटना समितीत फाशीविरुद्धच्या अपिलावर चर्चा चालू असताना म्हणाले की, अपिलाचं सोडा, ही शिक्षाच रद्द केलेली मला जास्त पसंत पडेल. ते काही झालं नाही. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी, असं ठरवलं. देशातली शेवटची फाशी मार्च २०२० ची, तिहारमधली.

आता महाराष्ट्रातलीच एक केस. भटक्या जमातीतली सहा माणसं, २००३ चं दरोडा आणि खुनांचं प्रकरण. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिघांची फाशी कायम केली, उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत काढून झाल्यावर. प्रत्येकी पाच लाख भरपाई. त्या हल्ल्यात जखमी झालेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार जणांचे फोटो ओळखले होते, हे कागदावर होतं.

हे सगळं मी काल त्या दुकानदाराला सांगितलं. या वेळी आधी वस्तरा खाली ठेवायला लावला. तो ब्रश फेसात फिरवत राहिला, मग म्हणाला, "आणि ते फोटोतले चौघं?"

त्यांच्यावर खटलाच चालला नाही.