झंकार बीट्स: लपून नको, कान देऊन ऐका

मंडळी, कानात झंकार बीट्स चालू असतात आणि कुणी विचारलं की आपण पटकन एखाद्या रागाचं नाव सांगतो. नाशिकच्या ज्या पंचवटीत थोर गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता, त्या गावात शास्त्रोक्त गाण्याचा दबदबा असणारच. पण नाशिकचा ढोल राज्यभर मिरवणुका गाजवतो आणि त्यावर पाय थिरकला तर कुणी लाजत नाही. मग रिक्षातल्या झंकारच्या कॅसेटचीच लाज का?

झंकार म्हणजे तयार गाण्यावर चढवलेला जास्तीचा ताल. पूर्ण मिक्स झालेलं गाणं लावायचं आणि वरून ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोलक वाजवायची. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा, कॅसेटच्या ऐन भरभराटीतला: आठ रबरी पॅड, काठीने वाजवायचे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जुन्या गाण्यांत वादक एकत्र बसून वाजवत, कानात लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक (क्लिक) नसे. अंतऱ्यात लय किंचित चढते, ओळीच्या शेवटी रेंगाळते. अशा गाण्यावर मशीनचा ठरावीक ठेका लावला की दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत तो मूळ तबल्यापासून सुटतो आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. कान देऊन हाताने वाजवणाराच ते सांभाळतो. केरवा तालाच्या आठ मात्रा मोजा: धागेनाती नकधिना. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, तबल्याचा ‘धा’ आणि पॅडचा ठोका एकजीव होतात का पाहा. पाचव्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’ या तालातल्या हलक्या जागी, जाणता वादक हात हलका करतो. सुमार वादक तिथेही तेवढंच बडवतो. हा फरक कळू लागला की या संगीतातली चांगली आणि वाईट कामगिरी वेगळी काढता येते, आणि माझ्या मते खरी रसिकता तीच.

रिक्षाच्या छोट्या स्पीकरमधून डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा निघत नाही, उरलासुरला इंजिनात बुडतो. पॅडचा वरचा तीक्ष्ण ‘छिक’ मात्र तरंगत राहतो. कॅसेट जुनी झाली की नेमका तोच जातो.

टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते. म्हणजे १०,००० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट टेपवर जेमतेम ४.७६ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसते. टेप वाचणारं हेड केसभर तिरकं झालं तरी ती ऐकू येईनाशी होते. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून, शक्य असेल तर मोनोवर, तो अगदी थोडा थोडा फिरवा आणि ‘छिक’ सर्वांत धारदार लागेल तिथे थांबा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त सहसा लागत नाही.

त्याआधी हेड आणि कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारा बारीक दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रबरी रोलरला सौम्य साबणाचं पाणी पुरे. तो मळलेला राहिला तर टेप गुंडाळून घेतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट थेट लावू नका. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा, चिकटलेले वेढे सुटतात. आतली फेल्टची गादी गोंद वाळून निसटली असेल तर आवाज दबका येतो, मग स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही. सगळं गाणंच खालच्या पट्टीत आणि संथ वाटलं तर डेकचा पट्टा सैल झालाय, तो बदला.

आणि डेकवरचं खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण बंद ठेवा. कॅसेट डॉल्बीत भरलेली नसेल आणि ते चालू राहिलं, तर आधी मरतो तो हाच ‘छिक’.