दोष सिद्ध झाल्यानंतरचा प्रश्न

मडगावच्या किंवा मेरशीच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप सिद्ध झाला, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ नुसार शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते. बौद्धिक दिव्यांगत्वाचा मुद्दा खऱ्या अर्थाने इथे उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे मनोविकलतेचा, बचाव मिळण्यासाठी, आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे, हे कृत्याच्या वेळी समजण्यासच आरोपी असमर्थ असावा लागतो. ‘मारू नये’ एवढे जाणणारा, पण पुढचा विचार न पोहोचणारा माणूस त्या कसोटीला सहसा उतरत नाही. फाशी द्यायची का, हे ठरवताना मात्र ही अर्धीमुर्धी समजही जमेस धरता येते. मानसिक वैगुण्यामुळे कृत्यातील गुन्हेगारी ओळखण्याची कुवत खालावलेली असेल, तर त्या परिस्थितीला मोठे वजन द्यावे, असे बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८० साली मान्य केले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना मृत्युदंड देणेच घटनाबाह्य ठरवले आणि २०१४ मध्ये बुद्ध्यांक ७० ही ताठर सीमारेषाही नाकारली. आपल्याकडे सरसकट बंदी नाही; सारे न्यायाधीशांच्या विवेकावर, आणि खरे तर त्यांच्यासमोर काय ठेवले जाते यावर अवलंबून असते.

बांबोळीच्या मनोरुग्णालयात बुद्ध्यांक मोजून घेतला, तरी काम अर्धेच होते. शाळा कितव्या इयत्तेत सुटली, पदेराकडून पाव घेताना उरलेले पैसे त्याला मोजून घेता येत होते का, पणजीची कदंबा बस तो एकटा पकडू शके का, हे आई, शिक्षक आणि शेजारीच सांगू शकतात. वकिलाच्या ‘कळलं का?’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी मान डोलावणारा आणि निकाल ऐकताना कसनुसा हसणारा आरोपी न्यायालयाला निर्ढावलेला वाटू शकतो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालाने, फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यांत आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल शक्यतो आधीच मिळवून सत्र न्यायालयापुढे ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पुढचा टप्पा म्हणजे पर्वरीचे उच्च न्यायालय. गोव्यात सुनावलेली फाशी इथे कायम झाल्याशिवाय अमलात येत नाही. पण सत्र न्यायालयात न नोंदवलेले बालपण इथे वर्षांनंतर शोधायचे, तर तोवर शाळेचे दाखले आणि सांगणारी माणसे हाती लागतीलच असे नाही.