भायखळा आल्यावर

[दृश्य: सकाळ. डोंबिवलीचा फलाट, फास्ट लोकल आत येते आहे.]

ऑफिस फोर्टातून अंधेरीला हललं, त्याला आठवडा झाला होता. म्हणजे आता दादरला उतरून वेस्टर्न पकडायची. घरातून निघताना मनाशी घोकलंही होतं. तरी त्या सकाळी दादर आलं, गेलं आणि मी आपला मांडीवर बॅग घेऊन बसलेलो. झोप लागली नव्हती, हातात फोन नव्हता. भायखळा आल्यावर डोक्यात उजेड पडला.

आई म्हणाली, "लक्ष कुठे असतं रे तुझं?"

लक्ष होतं घराच्या हप्त्याच्या हिशेबात. गाडीत बसून राहायचं काम दुसरंच कुणीतरी करत होतं.

[दृश्य: तळहातावर मेंदूची प्रतिकृती.]

मेंदूचं वजन साधारण १.४ किलो, पोत खरवसासारखा मऊ. आत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. एका पेशीतून विजेचा संदेश टोकापर्यंत येतो आणि अडतो, कारण पुढच्या पेशीआधी फट असते. मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी. स्टेशनवर सतत सांगतात ना, फलाट आणि गाडीतल्या अंतराकडे लक्ष द्या? तसलंच अंतर. ते ओलांडतात रसायनांचे कण. तीच ये-जा पुन्हा पुन्हा झाली, की त्या दोन पेशींमधला दुवा बळकट होतो. माझी फोर्टाची ये-जा नऊ वर्षांची.

(डावा मेंदू हिशेबी, उजवा कलाकार, हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. सोडून द्या. जवळपास प्रत्येक कामात दोन्ही बाजू लागतात.)

[दृश्य: आरशात पाहून कागदावर चांदणी गिरवणारा हात.]

आता थोडं अमेरिकेत. १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा हिस्सा काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेना. भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, पेन्सिल भलतीकडेच पळते. दिवसागणिक हेन्रीच्या चुका घटत गेल्या. आणि दर वेळी त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होता, हेन्रीला पत्ताच नव्हता!

म्हणजे घडलेलं आठवणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. दोन्हींची खाती मेंदूत निराळी आहेत. सवयींच्या खात्यात मोठा वाटा बेसल गँग्लियाचा, मेंदूच्या खोल आतल्या भागाचा. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्या सवयीला आवर घालतो, "थांब, आज दादर" म्हणतो. पण त्याला एका वेळी फार काही झेपत नाही, आणि त्या दिवशी तो हप्ते मोजत होता.

[दृश्य: तीच लोकल, सहा महिन्यांनंतर. दाराशी गर्दी.]

परवा मावशीला फोर्टातलं म्युझियम दाखवायला निघालो. कुर्ला गेलं. गप्पा रंगात आलेल्या. दादर आलं तसा मी उठलो, बॅग पुढे घेतली, सराईतासारखा दाराकडे सरकलो.

मागून मावशीची हाक आली, "अरे, कुठे चाललास?"