हुकूम कुणाचा चालतो?

श्रोतेहो, नमस्कार.

सत्ता कुठं असते म्हटलं, की आपलं बोट खुर्चीकडे जातं. साताऱ्याचा इतिहास काही वेगळं सांगतो. छत्रपतींची गादी साताऱ्यात होती, पेशवाईची वस्त्रं इथूनच मिळत. पण १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्याच्या हाती गेला. मान गादीचा, हुकूम दुसऱ्याचा. पुढे १८४८ मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं.

शंभर वर्षांच्या आतच याच मातीत उलटं घडलं. इंग्रजी राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारकडे ना गादी होती, ना खजिना. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडायचा. इंग्रजांची कचेरी, फौजदार, तुरुंग सगळं जागच्या जागी होतं. तरीही गावकरी आपले तंटे प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्यापुढे नेऊ लागले. तुफान सेनेचा, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाचा, धाक होता, हे नाकारायचं कारण नाही. पण नुसत्या धाकापोटी कुणी आपणहून बांधाचा वाद घेऊन जात नाही. निवाडा आपल्या माणसांचा वाटला, म्हणून तो मानला. सत्ता या मानण्यावर उभी असते.

आणि गप्प बसण्यावरही! ऊसपट्ट्यात हे रोज दिसतं. लागवडीची नोंद वेळेत केलेली असते, उसाला तुरे येतात, वजन घटायला लागतं. पण कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी काही येत नाही. ऊसतोड मजुरांची टोळी मागाहून नोंद झालेल्या फडात शिरलेली दिसते. कुणी 'नाही' म्हणत नाही, 'बघू, पाठवतो' एवढंच ऐकू येतं. ताटकळत ठेवणं हीदेखील सत्ताच. शेतकरी तोंड उघडत नाही, कारण पुढच्या हंगामातही ऊस तिथंच घालायचा असतो. ही भीती मला साध्या जुलमापेक्षा जास्त घातक वाटते, कारण तिचा कागद कुठंच सापडत नाही.

सहकारी कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. म्हणजे हा अधिकार आपल्याकडे आहेच. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर'च्या गजरात विषय उरकतात, आणि आपणही त्यात आवाज मिसळतो. यंदा सभेला जाल, तेव्हा लागवडीच्या नोंदींची यादी मागा, तोड त्याच क्रमानं झाली का ते विचारा, आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

नमस्कार.