पाळक बदलताना

श्रोतेहो, नमस्कार.

निरोपाची उपासना झाली, पाळकसाहेब, म्हणजे आपल्या चर्चचे धर्मगुरू, कुटुंबासह नव्या ठिकाणी गेले, आणि पुढच्या रविवारी वेदीपाशी उभं कोण राहणार, हा प्रश्न चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे येऊन ठाकला. तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल. काहीजण आत्ताच त्यातून जात असतील. आज त्यांच्याशीच बोलायचं आहे.

हा मधला काळ सगळीकडे सारखा नसतो. प्रोटेस्टंटांमधल्या मेथडिस्ट पद्धतीत बिशप, म्हणजे अनेक चर्चवर देखरेख करणारे वरिष्ठ धर्मगुरू, नेमणूक करतात. एका रविवारी निरोप, आणि बहुतेक वेळा पुढच्याच रविवारी नवे पाळक हजर. कॅथलिक धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाची, धर्मगुरूची जागा रिकामी झाली, तर बिशप तात्पुरता प्रशासक नेमू शकतात. प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, मात्र स्वतः शोध घेतात, मत देतात. त्यात महिने जातात, कधी वर्षही उलटतं. मग कुजबुज सुरू होते, "अजून कोणी मिळालं नाही का?"

माझं म्हणणं असं, की जिथे हा वेळ मिळतो तिथे तो घाईने संपवू नये. बायबलमध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे गेला तेव्हा ते लोक यार्देन नदीच्या काठाशी पोचले होते, पलीकडे वचनदत्त देश दिसत होता. तरी मवाबाच्या मैदानात त्यांनी 30 दिवस शोक केला, आणि मगच नवा पुढारी यहोशवा याच्या मागे निघाले. यहोशवा तर घरचाच, मोशेच्या हाताखाली तयार झालेला. आपल्याकडे येणारे पाळक बहुधा अनोळखी असतात.

शोक म्हणजे फक्त रडणं नव्हे, बरं का. ज्यांचं लग्न लावून दिलं, ज्यांच्या आईला शेवटचा निरोप दिला, त्यांना पाळक गेल्याचं दुःख होणारच. पण ज्यांचं त्यांच्याशी कधी जमलंच नाही, त्यांना हायसं वाटलेलं असतं आणि ते उघड बोलता येत नाही. पंचांनी दोघांचंही ऐकून घ्यावं. न बोललेलं सगळं नव्या पाळकांच्याच डोक्यावर फुटतं.

जुनं आणि नवं यांची तुलना तर ख्रिस्ती मंडळीइतकीच जुनी आहे. करिंथ शहरातल्या पहिल्या मंडळीत कोणी म्हणे मी ती मंडळी उभी करणाऱ्या पौलाचा, कोणी त्याच्यानंतर आलेल्या अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. पौलाने त्यांना सुनावलं, की लावणारा मी आणि पाणी घालणारा अपुल्लोस असलो, तरी वाढ देवाकडून होते. स्वतःच्या नावाने उभ्या राहिलेल्या गटालाही त्याने थारा दिला नाही, हे मला फार मोठं वाटतं. गेलेल्या पाळकांनीही तेच करावं. नव्या मंडळीत रमावं, जुन्या मंडळीतल्या बाप्तिस्म्याची, लग्नाची आमंत्रणं आली तर "तुमच्या पाळकांना विचारा" म्हणावं. कठोर वाटेल, पण प्रेमाचं आहे.

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये 1986 च्या कायद्याने एक चांगली सोय केली आहे. जागा रिकामी झाली की तिथल्या समितीने आपल्या मंडळीची परिस्थिती, गरजा आणि परंपरा लिहून काढायच्या असतात. आणि त्या बैठकीला जाणाऱ्या पाळकांना किंवा त्यांच्या पती-पत्नीला बसता येत नाही! कायद्याची सक्ती नसली, तरी हे कोणत्याही मंडळीला करता येईल. तरुण रविवारी का येत नाहीत? पैसे कुठे खर्च होतात? कोणत्या जुन्या भांडणावर आपण पांघरूण घातलंय? असं प्रामाणिकपणे लिहायला बसलं, की आपल्याला कसे पाळक हवेत तेही हळूहळू उमगतं. नाहीतर अपेक्षा ठरलेल्याच असतात. वय तिशीचं, अनुभव तीस वर्षांचा, उपदेश छोटा पण खोल, आणि रोज गृहभेटी.

काही मंडळ्या या काळापुरते हंगामी पाळक बोलावतात. कायमच्या जागेसाठी त्यांनी उभं राहायचं नाही, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. त्यामुळे नवे पाळक ज्या गोष्टी पहिल्या वर्षी बोलायला कचरतील, त्या हे स्पष्ट सांगू शकतात.

आणखी एक होतं. पाळक नसताना शास्त्रपाठ वाचायला, प्रार्थना चालवायला, आजाऱ्यांना भेटायला माणसं पुढे येतात. त्यातल्या कित्येकांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं. नवे पाळक आले म्हणून त्यांना परत मागच्या बाकावर बसवू नका.

नव्या पाळकांना मंडळीवर नेमतात त्या उपासनेत अनेक चर्चमध्ये मंडळीलाही प्रश्न विचारतात: तुम्ही यांना स्वीकारता का, साथ द्याल का? सगळे उभे राहून होकार देतात, पण आधी तो प्रश्न कोणी वाचलेला नसतो. तेव्हा महिनाभर आधी तो मागून घ्या, पंचांच्या बैठकीत, महिला मंडळात, तरुण संघात वाचा, आणि 'साथ' म्हणजे नेमकं काय करणार ते तिथेच ठरवा.

नमस्कार.